जहाज स्वस्त, धक्का लांब: पश्चिम भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझचा खरा हिशेब

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेकियाला. दोघांमध्ये सुमारे ८० किलोमीटर. मुंबई दाखवतो म्हणून आणलं आणि पालघरला उतरवलं, असा हा प्रकार. ‘फ्लॉरेन्स’चंही तेच. जहाज लिव्होर्नोच्या मालधक्क्याला लागतं आणि तिथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटरच्या आसपास. कंपनी यात खोटं बोलत नाही, कारण बारीक अक्षरात बंदराचं खरं नाव छापलेलं असतं. पण पुण्या-मुंबईहून जाणारी बहुतेक मंडळी जहाजावरच्या घसरगुंड्या आणि मजल्यांचे फोटो बघून बुकिंग करतात आणि बंदर ते शहर हे अंतर पहिल्या सकाळी धक्क्यावर उभं राहून शोधतात. म्हणून या परीक्षणात जहाजाला कमी जागा आहे आणि धक्क्याला जास्त.

सेवा म्हणून ही क्रूझ आम्हाला पैसे वसूल करणारी वाटते. बार्सिलोना, मार्से, जेनोआ, चिवितावेकिया, नेपल्स, पाल्मा अशा बंदरांच्या माळेतली पाच-सहा बंदरं, एखादा दिवस पूर्ण समुद्रात, सात रात्री राहणं, दिवसाला तीन वेळचं जेवण, रात्रीचा शो. हे सगळं मूळ भाड्यात येतं. याच शहरांत हॉटेल आणि रेल्वेने फिरायचं म्हटलं, तर एवढ्या पैशांत राहणंसुद्धा भागत नाही. एमएससी आणि कोस्टा यांची जहाजं गोल फिरत असतात, त्यामुळे वाटेतल्या बऱ्याच बंदरांवर प्रवासी चढू-उतरू शकतात. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनची सुरुवात बहुधा बार्सिलोना किंवा चिवितावेकियाहून. भाड्यात जे येत नाही ते म्हणजे रोजचा सेवाशुल्क, पेयं, इंटरनेट आणि किनाऱ्यावरचा प्रत्येक किलोमीटर. वरकड खर्च इथेच वाढतो आणि नीट लक्ष दिलं नाही तर नाकापेक्षा मोती जड होतो.

खोलीबद्दल आमचं मत ठाम आहे. या फेरीत जवळपास रोज बंदर आहे. सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या माणसाला बाल्कनीत बसायला वेळ कधी मिळणार? आतली बिनखिडकीची केबिन घ्या आणि वाचलेल्या पैशांत रोमच्या दिवशी गाडी करा. बंद खोलीत जीव गुदमरतो किंवा बोट लागते अशांचा अपवाद. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली मागावी, कारण तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, पण खोली कंपनी ठरवते. वयस्कर माणसं सोबत असतील तर तो जुगार नको. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली खोली आली की पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज डोक्यावर येतो.

चढायचं कुठून

पर्याय असेल तर जेनोआ. मुंबईहून आखातमार्गे मिलानचं माल्पेन्सा, तिथून माल्पेन्सा एक्स्प्रेसने तासाभरात मिलानो चेन्त्राले, मग दीड-दोन तासांच्या रेल्वेने जेनोव्हा पियाझ्झा प्रिंचिपे. या स्टेशनातून क्रूझचं टर्मिनल, म्हणजे स्ताझिओने मारित्तिमा, उतारावरून चालत दहा मिनिटं. बॅगा ओढत जाता येतं, टॅक्सीची गरज नाही. फक्त कोस्टाची बरीच जहाजं जेनोआहून नाही, तर सव्होनाहून सुटतात आणि ते जेनोआपासून ४५ किलोमीटरवर आहे. तिकिटावरचं बंदराचं नाव दोनदा वाचा.

बार्सिलोनाही सोयीचं आहे. विमानतळ ते क्रूझ टर्मिनल या मार्गाला टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे मीटरकडे बघत बसावं लागत नाही. गाडी सुरू होण्याआधी ‘ठरलेला दर’ एवढं बोलून घ्यावं. बहुतेक मोठी जहाजं मोल आदोस्सात या लांबलचक धक्क्याला लागतात. तिथून कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत बंदराची निळी बस जाते आणि पुतळ्याजवळच द्रास्सानेस हे तीन नंबरच्या मेट्रोचं स्टेशन आहे. धक्क्यावरून पूल ओलांडून चालत गेलं तर अर्धा तास लागतो आणि जुलैच्या उन्हात तो अर्धा तास लांबतो. पुतळ्यासमोर रांब्लास हा गजबजलेला रस्ता सुरू होतो. तिथे पाकीट मागच्या खिशात ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात देणं.

चिवितावेकियाहून चढायचं असेल तर फ्युमिचिनो विमानतळापासून ६० ते ६५ किलोमीटर आहेत आणि थेट रेल्वे नाही. बरेच जण लिओनार्दो एक्स्प्रेसने १४ युरो देऊन रोमा तेर्मिनीला जातात आणि मग उलटे परत येतात. त्याऐवजी विमानतळावरून साधी एफएल-१ गाडी घेऊन रोमा त्रास्तेव्हेरेला उतरावं (८ युरो, अर्ध्या तासाच्या आत) आणि तिथेच चिवितावेकियाची प्रादेशिक गाडी पकडावी. थांबण्यासकट दोन तास धरा. हे दोन जणांना, एकेक बॅग असेल तर ठीक. चार माणसं आणि सहा बॅगा असतील तर आधी ठरवलेली गाडी घ्यावी. १२० ते १६० युरोंना चौघांत भागलं तर आकडा बोचत नाही, शिवाय स्टेशनचे जिने वाचतात.

आणि काहीही झालं तरी विमान आदल्या दिवशी उतरलं पाहिजे. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी पोहोचणारं विमान घेणारे एका रात्रीचं हॉटेल वाचवतात आणि सात रात्री पणाला लावतात. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, पैसेही परत येत नाहीत.

रोमचा एक दिवस, घड्याळ लावून

हा सगळ्या फेरीतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत सहज हुकणारा दिवस आहे. समजा जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार आहे. प्रवाशांना बाहेर सोडायला साडेसात होतात. जहाजापासून बंदराच्या फाटकाबाहेर, लार्गो देल्ला पाचे या चौकापर्यंत, बंदराची बस फुकट आहे. चौकातून रेल्वे स्टेशन दीड-दोन किलोमीटर. शहराची बस मिळते (वेगळं तिकीट), नाहीतर समुद्राकाठच्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटं चाला. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत जहाजावरचेच तीनशे लोक पुढे असतात, म्हणून त्रेनितालियाच्या, म्हणजे इटालियन रेल्वेच्या, ॲपवर तिकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा. प्रादेशिक गाडीचं एका बाजूचं तिकीट ५ युरोंच्या आसपास आहे. या गाडीची तिकिटं संपत नाहीत, दर बदलत नाही, आसन क्रमांक नसतो.

इथे लोक हमखास अडकतात. कागदी तिकीट घेतलं असेल तर गाडीत चढण्याआधी ते भिंतीवरच्या छोट्या यंत्रात सरकवायचं असतं. तिकीट फटीत डाव्या बाजूला दाबून धरलं की कर्र असा आवाज येतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. ती उमटली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. शाई संपलेली यंत्रंही असतात. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे बिनतिकीट, आणि टीसी दंड जागेवर वसूल करतो. परदेशी आहोत, माहीत नव्हतं, हे तिथे चालत नाही. ॲपवरच्या प्रादेशिक तिकिटालाही ‘चेक-इन’चं बटण असतं, ते गाडी सुटण्याआधी दाबावं लागतं.

उतरायचं कुठे? बहुतेक सगळे तेर्मिनीपर्यंत बसून राहतात, त्याला तासाच्या वर लागतो. त्याआधी, साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटांत, रोमा सान पिएत्रो येतं. तिथून सेंट पीटर्सचा चौक चालत पंधरा मिनिटं. म्हणजे साडेनऊच्या सुमाराला तुम्ही घुमटासमोर असता. परतीची गाडी उशिरात उशिरा साडेतीन-चारची धरावी, म्हणजे ती चुकली तरी मागे अजून दोन गाड्या राहतात. हातात उरले सहा तास. सहा तासांत व्हॅटिकनचं संग्रहालय आणि कोलोसियम दोन्ही होत नाही. एक निवडा, त्याचं वेळेचं तिकीट घरूनच काढा आणि उरलेल्या वेळात त्रेव्हीचं कारंजं, पँथिऑन पायी करा. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, पासपोर्टची प्रत जवळ लागते. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). बुधवारी सकाळी पोपची सभा असली की चौक माणसांनी फुललेला असतो. आपला रोमचा वार कोणता येतो ते बुकिंगच्या आधी कॅलेंडरवर बघावं. जहाज निवडण्याचं हेही एक कारण आहे आणि बाल्कनीपेक्षा मोठं आहे.

सान पिएत्रो ते तेर्मिनी ६४ नंबरची बस जाते. सोयीची आहे आणि खिसेकापूंनाही सोयीची आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नसते: संप. इटलीत रेल्वेचा संप, ‘शोपेरो’, आधी जाहीर होऊन होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडण्याची हमी असते. जायची गाडी हमीच्या वेळेत बसते, परतीची दुपारची बसत नाही. ही गंमत न कळलेले लोक सकाळी खुशाल रोमला पोहोचतात आणि दुपारी अडकतात. संपाची तारीख आली की त्या दिवशी जहाजाने आखलेल्या सहलीची बस घ्यावी, भाव बघू नये.

जहाजाच्या सहलीची खरी किंमत हीच आहे. तिकिटात मार्गदर्शक असो वा नसो, जहाजाने नेलेली बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःच्या भरवशावर गेलेल्यासाठी थांबत नाही. सगळ्यांना आत येण्याची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा. काही जहाजं व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट फेरीभर स्वतःकडे ठेवतात. तेव्हा पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी, नुसती घरातल्या कर्त्या माणसाच्या पिशवीत नाही.

बाकीची बंदरं

लिव्होर्नोला आमचे सर्वांत कमी गुण. धक्का मालवाहू बंदरात आहे, आत चालायला परवानगी नाही, शटलने गावातल्या चौकापर्यंत यायचं, तिथून शहर बसने लिव्होर्नो चेन्त्राले, मग दीड तास रेल्वे. एवढं करून फ्लॉरेन्सला हातात चार-साडेचार तास उरतात, त्यात जेवण. सोमवार असेल तर उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं बंद. फ्लॉरेन्स बघायचंच असेल तर जहाजाची बस घ्या. नाहीतर सरळ पिसाला जा, रेल्वेने वीस मिनिटांच्या आत. पिसा चेन्त्रालेहून कलता मनोरा चालत वीस-पंचवीस मिनिटं, पण लुक्काच्या दिशेची गाडी घेऊन पिसा सान रोस्सोरेला उतरलं तर मनोरा अगदी जवळ. मनोऱ्याला टेकू देणारा फोटो झाला की पुढे लुक्का. गावाच्या तटबंदीवरून सायकल चालवता येते आणि गर्दी पिसाच्या निम्मीही नसते.

ला स्पेत्सिया लागलं तर फ्लॉरेन्सचा विचार सोडून द्यावा. चिंक्वे तेर्रेची पाच गावं रेल्वेवरच आहेत आणि पहिलं गाव, रिओमाज्जोरे, दहा मिनिटांच्या आत येतं. बंदरात आतली बस फुकट, तिथून स्टेशन चालत वीस-पंचवीस मिनिटं. हंगामात एकेका फेरीचं तिकीटही अंतराच्या मानाने महाग पडतं, म्हणून दोनपेक्षा जास्त गावं करायची असतील तर रेल्वेसकटचं दिवसाचं कार्ड घ्या. गाड्या आपल्या लोकलसारख्या भरतात. डोंबिवलीकरांना अडचण नाही.

नेपल्सला पूर्ण गुण. जहाजातून उतरून रस्ता ओलांडला की समोर कास्तेल नुओव्हो किल्ला. शेजारच्या मोलो बेव्हेरेल्लोहून काप्रीची वेगवान बोट पाऊण-एक तासात पोहोचवते, मात्र परतीच्या दुपारच्या बोटी आधी भरतात, म्हणून दोन्ही बाजूंचं तिकीट एकदमच काढा. पॉम्पेईसाठी बंदरासमोरच्या मुनिचिपिओ स्टेशनातून मेट्रोने तिसऱ्या थांब्यावर गारिबाल्दी, तिथून चिर्कुमव्हेझुव्हियाना या लोकल रेल्वेची सोरेंतोकडे जाणारी गाडी, आणि उतरायचं ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर. नुसतं ‘पॉम्पेई’ नावाचं स्टेशन दुसऱ्या मार्गावर आहे, तिथे उतरलात तर चालणं वाढतं. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. मे ते सप्टेंबर या काळात दारावर जाऊन घेऊ, असं म्हणू नये. टॅक्सी घेणार असाल तर नेपल्समध्ये ठरावीक मार्गांना ठरलेले दर आहेत. ते गाडी सुरू होण्याआधी मागायचे असतात. मीटर सुरू झाल्यावर तो हक्क जातो.

पाल्मात धक्क्यापासून चार-पाच किलोमीटरवर गाव, एक नंबरची शहर बस थेट नेते. बस दोन्हीकडून क्रूझवाल्यांनी भरते एवढंच. मार्सेत धक्का गावापासून खूपच लांब, उत्तरेला आहे. तिथे कंपनीची शटल घ्यावी आणि व्हियू पोर्टला, म्हणजे जुन्या बंदराला, उतरावं, बाकी डोकेफोड करू नये. व्हिलफ्रांश असेल तर नशीब. जहाज खाडीत नांगर टाकतं, लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, वरच रेल्वे स्टेशन आहे आणि नीस सात-आठ मिनिटांवर. बोटीचे क्रमांक सकाळी एखाद्या हॉलमध्ये वाटतात. तिथे सातला गेलात तर पहिल्या खेपेत बसता, नऊला गेलात तर अकरा वाजतात. आणि वारा वाढला तर हे बंदर रद्द होतं. मग बंदर शुल्क तेवढं खात्यात परत जमा होतं, भाडं नाही.

जहाजावरचं मीटर

सेवाशुल्क प्रत्येक माणसामागे, प्रत्येक दिवसाला लागतो. रॉयल कॅरिबियनचा दर नोव्हेंबर २०२३ पासून साध्या खोलीला १८.५० डॉलर, सूटला २१. म्हणजे दोघांचे सात दिवसांचे २५९ डॉलर, चौघांच्या कुटुंबाचे ५१८, मुलं धरून. एमएससी, कोस्टाचे दर भूमध्य समुद्रात १० ते १२ युरोंच्या आसपास असतात आणि लहान मुलांना सवलत असते. हा आकडा बुकिंगच्या रकमेत असतो की जहाजावर लावतात, हे एजंटला लेखी विचारा, कारण टूर कंपनीच्या ‘सर्वसमावेशक’ पॅकेजमध्ये नेमकी हीच ओळ गायब असते. काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन तो कमी करून घेता येतो. आमच्या मते घेऊ नये. खोली आवरणाऱ्या आणि टेबलाशी वाढणाऱ्या मंडळींच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. त्यात ‘इंडिया’ सापडणं कठीण नाही आणि त्यातले गोव्याचे, मुंबईचे निघाले तर नवल नाही.

पेयांच्या पॅकेजचा हिशेब जहाजावर जाण्याआधी कागदावर करा. दहा डॉलरचं कॉकटेल १८ टक्के शुल्कासह ११.८० ला पडतं. ८० डॉलर रोजचं पॅकेज १८ टक्क्यांसह ९४.४०. म्हणजे पैसे फिटायला रोज आठ ग्लास, आणि त्यातले दहा तास तुम्ही जहाजाबाहेर असता. शिवाय रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत खोलीतल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, मग तो सोलकढीवरचा माणूस का असेना. सगळी बंदरं युरोपीय संघातली असतील तर बिलावर स्थानिक व्हॅटही लागू शकतो.

पाणी हा आपल्याकडच्यांना सर्वांत खुपणारा खर्च आहे. युरोपी कंपन्यांच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर पाणी बहुधा बाटलीतलं येतं आणि बिलात लागतं. बुफेच्या मजल्यावर मात्र यंत्रातलं पाणी, चहा, कॉफी फुकट. घरून स्टीलची किंवा प्लॅस्टिकची रिकामी बाटली न्या, जेवायला उतरण्याआधी भरून घ्या. वेटर काही म्हणत नाही.

किटली नेऊ नका. खोलीत मॅगी करू, अशा विचाराने आणलेली विजेची किटली आणि इस्त्री सामानाच्या तपासणीत बाजूला निघते, पावती मिळते आणि वस्तू शेवटच्या दिवशी परत. खाऊबद्दलही नियम आहे. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी घरीच ठेवा. बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. शाकाहारी जेवण मिळतं. बुकिंगच्या वेळी नोंद करा आणि पहिल्याच रात्री मुख्य वेटरला उद्यासाठी भारतीय भाजी-डाळ सांगा, आयत्या वेळी सांगितली तर उकडलेल्या भाज्या येतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी एक बारकावा: खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, आणि इटलीत ते पास्त्यावर न विचारता भुरभुरतात. ‘चीज नको’ हे आधी सांगावं.

पैसे देण्यासाठी खोलीचं कार्ड चालतं आणि त्याला तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. इथे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडू नका. जहाज अंदाजाने रक्कम अडवून ठेवतं, आणि फॉरेक्स कार्डावर अडवलेले युरो म्हणजे किनाऱ्यावर खर्चायला नसलेले युरो. हिशेब मिटल्यावरही ते सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा, नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. किनाऱ्यावर यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

फोन विमान मोडवर टाकायची वेळ जहाज सुटण्याआधीची आहे, नंतरची नाही. किनारा मागे पडला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला लागतो, ‘सेल्युलर ॲट सी’सारखं नाव वर दिसतं, आणि भारतातून घेतलेला युरोपचा रोमिंग पॅक तिथे लागू नसतो. पाच मिनिटांच्या नकळत डाउनलोडचं बिल आख्ख्या दिवसाच्या सहलीएवढं होऊ शकतं. जहाजाचं वायफाय दर उपकरणामागे विकतात. चौघांनी एकच घेऊन आळीपाळीने वापरावं, नाहीतर बंदरातल्या कॅफेत भागवावं. जहाजावरचा डॉक्टरही फुकट नाही. तपासणीची फी खोलीच्या खात्यावर पडते आणि विम्याचा दावा घरी आल्यावर करायचा असतो, म्हणून बिल आणि औषधांची चिठ्ठी जपून ठेवा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. या माळेत इटलीचे थांबे बहुधा जास्त असतात, तेव्हा अर्ज इटलीकडे, व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रामार्फत. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सेवा फी वेगळी, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. वाटेत ट्युनिससारखं शेंगेनबाहेरचं (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचं) बंदर असेल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचाच मागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे विमानतळावरच्या रांगेला जास्त वेळ धरा.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी उद्याचे कपडे, औषधं, चार्जर आणि चपला हातातल्या पिशवीत काढा. हे न केलेली मंडळी सकाळी नाश्त्याला रात्रीच्या कपड्यांत दिसतात. त्याच रात्री टीव्हीवर खात्याचं बिल उघडून ओळ न् ओळ बघा. खोलीतल्या फ्रिजमधल्या न घेतलेल्या वस्तू तिथे सापडतात. चूक सुधारायची असेल तर रात्री दहाला काउंटर रिकामा असतो, सकाळी सातला रांग जिन्यापर्यंत जाते. स्वतःच्या बॅगा स्वतः उचलू शकत असाल तर सर्वांत आधी उतरण्याचा पर्याय घ्या. तरीही चिवितावेकियाला उतरून फ्युमिचिनोचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको.

खरेदी केली असेल तर कराची परतफेड विमानतळावर होते. इटलीत एका दुकानात एका वेळी ७०.०१ युरो, फ्रान्समध्ये १००.०१, स्पेनमध्ये किमान रकमेची अट नाही. कस्टम्सची नोंद युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर करायची: रोमहून दुबईमार्गे येत असाल तर रोमला, फ्रँकफर्टमार्गे येत असाल तर फ्रँकफर्टला. ही नोंद बॅग काउंटरवर देण्याच्या आधी करायची, कारण अधिकारी वस्तू दाखवा म्हणाला आणि बॅग पट्ट्यावरून गेलेली असली तर अर्ज तिथेच संपतो. फ्रँकफर्टमार्गे बॅग थेट मुंबईची असेल तर वस्तू हातातल्या पिशवीत ठेवा.